पहिल्या दोन वर्षांच्या नोंदी

१४ मार्च, शनिवार

धाकट्या,

आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक आहोत, तुम्हीही ठीक असाल असं आईच्या बोलण्यावरून कळतं. तिचा डावा गुडघा आता जिना चढताना कुरकुरत नाही. तू पाठवलेल्या तेलानं फरक पडला असं ती म्हणते, मी व्यायामानं म्हणतो. तुझी वहिनी मजेत. माझ्या चष्म्याचा नंबर पावानं वाढला.

तीन वर्षांनी पत्र कशाला, असं मनात आलं असेल. सरळच विचारतो. माझ्या कार्यक्रमांत चिठ्ठ्या तू पाठवतोस का?

मी महिन्यातून एकदा कुठल्या ना कुठल्या प्रोग्रॅमरांच्या मेळाव्यात बोलतो, हे आईनं सांगितलं असेलच. रविवारची सकाळ, कोणाच्या तरी ऑफिसातली घडीच्या खुर्च्यांची खोली, चाळीस-पन्नास माणसं आणि हमखास न बसणारी प्रोजेक्टरची वायर. (मी स्वतःच्या तीन बाळगतो.) विषय एकच, आपला नावांच्या याद्या लावणारा प्रोग्रॅम. ‘आपला’ लिहून गेलो. तिथे मी ‘माझा’ म्हणतो.

लोकांना उभं राहून विचारायला संकोच वाटतो, म्हणून प्रश्न चिठ्ठीवर लिहून दाराशी ठेवलेल्या खोक्यात टाकतात. जानेवारीत एक चिठ्ठी निघाली: ‘या प्रोग्रॅमच्या पहिल्या दोन वर्षांच्या नोंदी कुठे गेल्या?’ मी ती खिशात घातली आणि पुढचा प्रश्न घेतला. फेब्रुवारीत खोली वेगळी, आयोजक वेगळा, पण चिठ्ठी तीच. तीच निळी शाई, तोच शब्दन्‌ शब्द.

पाणी कुठेतरी मुरत होतं. आधी मला जानेवारीचा आयोजक वाटला, कारण चिठ्ठी वाचताना तो गालात हसला होता. त्याच्याकडून पत्ता लिहून घेतला आणि अक्षर ताडून पाहिलं. त्याची अक्षरं डावीकडे कलतात. मग तो शेंडी बांधणारा, माझ्यानंतर बोलतो तो. पण त्याला धड पेन धरता येत नाही. उरलास तू. त्या दोन वर्षांबद्दल जगात दोघांनाच माहीत आहे आणि त्यातला एक मी.

आईला सहज विचारलं, “धाकटा रविवारी कुठे असतो गं हल्ली?”

“घरी असतो. तुझ्यासारखा भाषणं देत हिंडत नाही. का रे?”

“सहज.”

“तुझं सहज मला ठाऊक आहे.”

गेल्या रविवारी मी चहा न घेता खोक्याशेजारी उभा राहिलो. पन्नाशीच्या एक बाई आल्या, फाइलमधून घडी केलेली चिठ्ठी काढली. निळी शाई.

“बाई, तुम्हाला कोणी पाठवलंय?”

“मला? कोणी नाही. मी दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर असते. तुमचाच प्रोग्रॅम वापरतो आम्ही. त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे, तो वाचायला शिकतेय, माझी मीच.”

“मग जुन्या नोंदींशी तुम्हाला काय करायचंय?”

“तुम्ही प्रोग्रॅम पाच वर्षांचा म्हणता, पण नोंदी तीनच वर्षांच्या आहेत. आणि पहिल्याच नोंदीत बाराशे चाळीस ओळी आहेत, सगळ्या एका मिनिटातल्या. मी पूर्वी टायपिस्ट होते. एवढं कोणी टाइप करत नाही हो.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “मला एका माणसाला भेटायचंय. एकशे बाराव्या ओळीवर त्यानं लिहिलंय, ‘आडनाव नसलेली माणसंही असतात. त्यांना गाळू नका.’ आधीच्या प्रोग्रॅममध्ये आमचे असे पेशंट यादीतून गायबच व्हायचे. ते तुम्ही लिहिलंत का?”

मी म्हणालो, “आमच्या टीमनं.”

“मग मला भेटायचंय असं टीमला सांगा,” त्या म्हणाल्या आणि चहा घ्यायला गेल्या.

तरीही विचारतो, त्या तुझ्या ओळखीच्या नाहीत ना? नसतील. पण कळव.

घरी येऊन तुझ्या वहिनीला समजावत होतो की आमच्या धंद्यात प्रत्येक ओळ कोणी आणि कधी लिहिली ते मशीन टिपून ठेवतं. ती म्हणाली, “मग तुमच्या त्या बाराशे ओळी तुम्हीच लिहिल्यात ना?” मी वायरी गुंडाळत बसलो.

आता लिहितोच. तू काम सोडल्यावर आठव्या दिवशी मी प्रोग्रॅम नव्या जागी हलवला. जुन्या नोंदी सोबत नेता येत होत्या. नेल्या नाहीत. सगळा कोड एकाच नोंदीत माझ्या नावानं चढवला आणि शेरा लिहिला, ‘साफसफाई’.

आणि आपला पहिला कार्यक्रम. वीस-वीस मिनिटं बोलायचं ठरलं होतं. मी एकोणचाळीस घेतली. तुझी ओळख करून दिली, “हा माझा मदतनीस.” तू पुढची स्लाइड लावलीस. त्यानंतर तू आलाच नाहीस, तर पदवीचा माज आहे असं मी चारचौघांत सांगत राहिलो. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. मला वाटायचं, तुझ्याकडे पदवी आहे, तर पडद्यावरचं नाव तरी माझं एकट्याचं असावं.

बुधवारी कपाटातून जुन्या नोंदी असलेली डिस्क काढली. ओळी मोजल्या. बाराशे चाळीसपैकी सातशे एकोणीस तुझ्या. तीनदा मोजल्या, पहिल्या दोन खेपांना चुकलो असेन या आशेनं. तुझ्या प्रत्येक बदलापुढे तू एकच शेरा लिहिला आहेस: ‘दादाला विचारून’. सत्त्याण्णव वेळा. माझ्या शेऱ्यांत तू एकदाही नाहीस.

एकोणतीस तारखेला वार्षिक मेळावा आहे. पत्रिकेवर मी एकटाच आहे, ‘निर्माता’ म्हणून. त्याआधी जुन्या नोंदी परत लावायच्या आहेत. गुरुवारी सगळं तयार करून बसलो होतो, एक बटण दाबायचं राहिलं होतं. पण नाव तुझं आहे. ते परत आलं की इतके दिवस कुठे होतं हे लोक तुलाही विचारतील, आणि उत्तर देताना तुला एक तर खोटं बोलावं लागेल किंवा माझी अब्रू काढावी लागेल. तुला काय हवं ते न विचारता हेही मीच परस्पर ठरवलं, तर त्यात नवीन काय.

परत लावू का? नको म्हणालास तर मेळाव्याला ‘येत नाही’ असं कळवतो. ‘माझा’ म्हणून चाळीस मिनिटं बोलणं आता मला जमायचं नाही.

तुला विचारल्याशिवाय काही न बदलणारा,
दादा