मधला स्पीकर

२ नोव्हेंबर, रविवार
केतकीची खोली रिकामी केली. लेकीच्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं आणि तिच्या बापाला तिथं थिएटर करायचंय. पलंग खाली गेला. कपाट जिन्यात अडकलंय, अजून तिथंच आहे, येताजाता कोपर आपटतं. फोनवर केतकी रुसली, "माझी खोली आहे ती, आई." म्हटलं, बापाला सांग. सांगितलं असेलही. ह्यांनी ऐकलं असेल का, हा वेगळा प्रश्न.

५ नोव्हेंबर, बुधवार
शाळा सुटल्यावर राजारामपुरीत, संदीपच्या दुकानात. हा ह्यांच्या भाच्याचा मित्र, म्हणून घरचाच. प्रोजेक्टर की मोठा टीव्ही यावर ह्यांची न् त्याची जुंपली. प्रोजेक्टरला अंधार हवा, म्हणजे खिडकी बुजवायची. मी साफ नाही म्हटलं. टीव्ही ठरला. मग साउंडबार, टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर, ऐकला. ह्यांचं एकच पालुपद, "धडधड झकास हाय, पर बोलणं कळंना."
मला शब्द न् शब्द कळत होता. मिक्सर बघायला आलेल्या बाईलासुद्धा. घरी येऊन डोकं धरून बसले.

९ नोव्हेंबर, रविवार
साउंडबार बाद. आता पाच स्पीकर आणि एक धडधडणारा डबा, सबवूफर. संदीप म्हणाला, "काका, संवाद मधल्या स्पीकरमधनं येत्यात. त्यो भारी घ्या, मग बघा." घरी ट्रायलला आणला. चहा निवायच्या आत निकाल, "ह्यो बी मुका हाय." बिचारा संदीप दुसरा पाठवतो म्हणाला.
मला उन्हाळ्यापासून शंका आहे. मोबाइल ह्यांच्या उशाशी वाजतो आणि मी स्वयंपाकघरातून धावत येते. पण या गावात कुणाला कमी ऐकू येतंय हे कळणार तरी कसं? इथं चहा घेणार का हेही चौकात भाषण ठोकल्यासारखं विचारतात. ह्यांचे फाउंड्रीतले मित्र आले की सगळेच ओरडतात आणि सगळ्यांना सगळं ऐकू जातं. ग्राइंडरपाशी उभं राहून जन्म गेला, आवाज तसाच राहिला. आवाज माझाच बारीक. शाळेतही मुलं कान देऊन बसतात म्हणून निभतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
तिसरा मधला स्पीकर. तोही मुका. आज जेवताना सांगायचंच ठरवलं होतं. भाकरी वाढली आणि धीर झाला नाही.
सासरे शेवटी ठार बहिरे झाले होते. लग्नकार्यात पोरंसोरं मुद्दाम नुसते ओठ हलवायची त्यांच्यापुढं, आणि ते हसून मान डोलवायचे. ह्यांनी एकदा भर मांडवात त्यावरून एकाची कॉलर धरली होती. असल्या माणसाला मी कुठल्या तोंडानं सांगू, तुमचंही तसंच झालंय? चिडचिड होते नुसती. मुलांवर ओरडले आज, उगाच.

१६ नोव्हेंबर, रविवार
संदीप स्वतः आला. सगळं जोडलं. बसायच्या जागी एक छोटा माईक ठेवला. म्हणाला, कुणी बोलू नका, प्रत्येक स्पीकर आवाज काढणार आणि मशीन मोजणार. हे सोफ्यावर हाताची घडी घालून. आधी जाड घुमणारा आवाज आला, ह्यांनी मान डोलवली. मग मधल्या स्पीकरमधून बारीक शीळ. माझे दात आंबले.
हे म्हणाले, "सोड की मर्दा. किती येळ?"
शीळ चालू होती. संदीपनं माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर. त्यानं पुन्हा पहिल्यापासून सोडली. हे एकदा त्याचं तोंड बघतात, एकदा माझं. आणि मग कळलं त्यांना. कळताना मी बघितलं, नसतं बघितलं तर बरं झालं असतं. हे उठून गच्चीवर गेले.
"काकी, मशीन म्हणतंय सगळं बरोबर हाय," संदीप खालमानेनं म्हणाला. थांब म्हटलं तरी चहाला थांबला नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
अबोला. वरच्या खोलीचं दार बंद. शाहूपुरीत कानाच्या डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतली. ह्यांना सांगितलेलं नाही. भाजी करपली.

२२ नोव्हेंबर, शनिवार
संध्याकाळी वरून हाक आली. गेले. टीव्हीवर कसलासा सिनेमा, आवाज पूर्ण बंद. शेजारी बस म्हणाले.
मग टीव्हीकडेच बघत, "केतकी गेल्यापास्नं तू हळू बोलाय लागलीस. मला वाटलं, कटाळलीस मला. म्हनून ह्यो समदा खटाटोप. बोलायचं न्हाय तर न्हाय, एका जागी तरी बसू."
मी ओरडलेच. "मी रोज बोलत होते हो! रोज!"
आणि मग मलाच भडभडून आलं. केतकी गेल्यावर आतलं-बाहेरचं सगळं मी ह्यांच्याजवळ काढत होते. शाळेतला कंटाळा, घर खायला उठतं ते, आणि ते एक, जे केतकीलाही सांगितलं नाही. हे "हं" म्हणायचे. शंका आल्यावरही वाटायचं, एवढं तरी ह्यांना कळतंय. त्या "हं"वर मी वर्ष काढलं.
सोमवारचं सांगितलं, मोठ्यानं. नुसते कपाळ चोळत बसले. मग माझ्याकडे वळले, पार समोरासमोर.
"वरीसभर काय सांगत हुतीस? आता सांग."
शाळेतल्या कंटाळ्यापासून सुरुवात केली, घसा ताणून. आणि ते एक, ते आता ओरडून कसं सांगू?