वरमायची चप्पल

माय, भावाचं लग्न झालं. पाव्हणे गेले, दारापुढचा मांडव सुटला, अंगणातल्या फरशीवर हळदीचे डाग तेवढे राहिले. दुपार हाय. जिथं तुझी चूल व्हती तिथं आता गॅसची टाकी हाय, तिच्या शेजारी भिंतीला टेकून मी लिहून राहिले. पुण्यात मी लिहिते ते शुद्ध असतं, कधी कधी इतकं की मलाच कळत न्हाई. तुझ्याशी तसं बोलाय लागले तर तू म्हणशील, ही कोण पाव्हणी आली, हिला पाणी द्या. म्हणून घरच्यासारखं लिहिते. आणि सांगायचं हाय ते चपलीचं हाय, हसू नको.

तू चुलीपुढं बसलीस, भाकरी थापून राहिलीस. आबा हिंगोलीला निघालेत. मामाच्या लग्नाला तुला नवी चप्पल पाहिजे. आपल्या घरच्या बाया तेव्हा चपलीच्या दुकानात जात न्हाईत, पायाचं माप जातं. आबा सरपणातून तुरीचं एक वाळलेलं काटूक ओढतात आणि तुझ्या पायाशी उकिडवे बसतात. तू पाय लुगड्यात ओढून घेतेस. "लाज वाटू द्या, लेकरं बगून राहिले." आबा म्हणतात, "माप घेऊन राहिलो, पाया पडून न्हाई राहिलो." मग टाचेपासून बोटापर्यंत काडी धरून तिथं कटकन मोडतात, सदऱ्याच्या खिशात घालतात आणि जातात. संध्याकाळी आले तेव्हा पिशवीत सोनेरी पट्ट्याची चप्पल व्हती, पट्ट्यावर काचेचे खडे, आणि ती एवढी लहान की तुझी निम्मी टाच बाहेर. काडी जीपच्या गर्दीत खिशातल्या खिशात मोडली व्हती आणि आबांनी जो तुकडा हाताला लागला तोच दुकानदाराला दिला.

"त्यानं इचारलं न्हाई का, बाईमाणसाची पाहिजे का लेकराची?"

"इचारलं. मी म्हणलो आमच्या मंडळीचा पाय नाजूक हाय."

तू इतकी हसलीस की तव्यावरची भाकर करपली तरी उठली न्हाईस. ती चप्पल तू पेटीत टाकलीस, माझ्यासाठी. लग्नाला जुनीच घालून गेलीस. तू न्हाईस असं बघून मी एकदा ती काढली आणि अंगणातून फटाक फटाक चालत गेले, पाय आतल्या आत घसरून राहिलेले. तू मागून आलीस, दोन्ही चपला माझ्या पायातून ओढल्यास. "आधी पाय मोठे कर, मग मिरव." तुझं रागावणं मला एवढंच आठवतं. अजून काही तरी रागावली असशील, सगळ्याच माया रागावतात, पण माझ्याकडं हे एकच हाय.

पाय मोठे व्हायच्या आत तू गेलीस. दवाखान्यातून आणलं त्या दिवशी तुझ्या तोंडाकडं बायांची गर्दी व्हती, म्हणून मला पायथ्याशी उभं केलं. अहेव गेलीस म्हणून बाया तुझ्या तळपायाला हळद लावून राहिल्या. अंगठ्याशेजारचं तुझं बोट अंगठ्याहून लांब, तसंच माझं. आत्या म्हणायची, असल्या बोटाची बाई नवऱ्याला धाकात ठेवती. मी ते बोट बघत राहिले. तुझा चेहरा फोटोत हाय, तो मला फोटोवरूनच माहीत हाय. पाय मात्र मी स्वतः बघितलेले हायत.

पुढच्या उन्हाळ्यात आबांनी दुसरी केली. आमी तिला मावशी म्हणतो, तशी ती तुझी कोणी न्हाई, पुसेगावाकडची. आली तेव्हा तिच्या गळ्यात मंगळसूत्राच्या शेजारी काळ्या दोऱ्यात चांदीचा टाक व्हता, त्याच्यावर उठवलेली बोटाच्या पेराएवढी बाई. मी आत्याला विचारलं, ही कोण? आत्या म्हणली, "तुजी माय." दुसरेपणावर आलेल्या बाईनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा आणि जे काही नवं येईल ते आधी त्या टाकाला लावायचं, मग स्वतः वापरायचं, ही आपल्याकडची रीत. तुला तर माहीतच असंल, तू पहिली म्हणून तुझ्या गळ्यापर्यंत यायची वेळ आली न्हाई. मावशीनं ती रीत कधी चुकवली न्हाई. साडी आली की घडी मोडायच्या आधी पदराचा कोपरा टाकाला. बांगड्या आल्या की एक बांगडी टाकाला टेकवून मग हातात. मी कॉलेजात असताना ह्याच्यावर एक कविता लिहिली व्हती, मेलेली बाई जिवंत बाईच्या गळ्याला लटकलेली, असं काहीतरी. वर्गात टाळ्या पडल्या. मावशीला ती दाखवली न्हाई, ते बरं केलं.

आता लग्नाचं. बस्ता बांधायला आमी हिंगोलीला गेलो, नवरीकडचे औंढ्याहून आले. कापड झालं, मग चपलीच्या दुकानात. माय, दुकान आता काचेचं हाय, आत गार हवा. भावाच्या शेरवानीवर मोजडी शोधता शोधता आत्या अन् भाऊ दोघंबी थकले. भावाला साधी पाहिजे, आत्याला मोती लावलेली. "नवरदेव हायस का सेल्समन?" असं आत्या म्हणली आणि मोजडी मोत्याचीच आली. नवरीनं स्वतःची आधीच फोनवर पसंत करून ठेवली व्हती, तिला फक्त साडीशेजारी धरून रंग बघायचा व्हता. ती हुशार हाय, तुला आवडली असती. मग मी म्हणलं, वरमायची राहिली.

मावशी बस्त्याला आलीच नव्हती. म्हशीला कोण बघंल, म्हणली. मी तिच्या साडीच्या काठाचा फोटो दुकानदाराला दाखवला, मोरपंखी, काठ तांब्याच्या रंगाचा. त्यानं डब्यांचा ढीग लावला. "ताई, आजकल सासू लोग बी हील घेतात." आत्या म्हणली, "घ्या हील, मांडवात पडली म्हणजे इहिणीला तमाशा." शेवटी तांब्याच्याच रंगाची, बुटकी टाच, पट्ट्यावर बारीक खडे, अशी एक निघाली. तिच्या जोडीला हातात धरायची छोटी पर्स. मी घेतलंच. माझ्या आयुष्यात मी तिला काही घेतलेलं न्हाई असं न्हाई, पण स्वेटर, चादर, बामाची बाटली, असलं. मिरवायचं काही घेतलं नव्हतं.

"नंबर?" दुकानदार म्हणला. मी घरी फोन लावला. "मावशे, तुजा चपलीचा नंबर काय?" ती म्हणली, "आपल्याला कायचा नंबर. जे हाय ते घालतो." आणि म्हशीला हाड हाड करत फोन ठेवला. सगळे माझ्याकडं बघून राहिले. मी माझी चप्पल काढली, पाय पुढं केला आणि म्हणलं, "ह्याला बसंल ते द्या."

घरी आले, डबा तिच्या हातात दिला. तिनं झाकण उघडलं, बघितलं, पुन्हा लावलं. "लई भारी हाय," म्हणली आणि डबा फडताळात वर ठेवला. पर्स मात्र तिथंच गळ्याशी नेऊन टाकाला लावली आणि काखेत धरून आरशात बघितलं. देवकाच्या दिवशी पायात तिची तीच रबरी, अंगठ्याचा पट्टा दोऱ्यानं शिवलेली. हळदीच्या दिवशी तीच. शेजारणी विचारून राहिल्या, "काहून वं वरमाय, लेकाच्या लग्नात असल्या चपला?" ती म्हणायची, "पाय तेच हायत ना." मला वाटलं, माझी नको हाय. सख्ख्या लेकीनं आणली असती तर घातली असती. मग हसूबी आलं, कारण सख्खी आई असती तर मीबी नंबर न विचारता आणली असती.

लग्नाच्या आदल्या दुपारी ती स्वयंपाकघरात एकटी शिदोरीचे लाडू बांधून राहिलेली. मी डबा आणून तिच्यापुढं ठेवला.

"आवडली न्हाई तर सांग. बदलून आणते."

"आवडली."

"मग काहून घालत न्हाईस? उद्या तुजे पाय धुणारंय इहीण, सगळी दुनिया बघंल. लोक म्हणतील सावत्र लेकरांनी वरमायला चप्पलबी घेतली न्हाई."

तिनं हातातला लाडू ताटात ठेवला. "लोकाचं काय घेऊन बसली. मला सांग, ही टाकाला कशी लावू?"

मला कळलंच न्हाई. ती म्हणली, "साडी लावते, बांगडी लावते. चप्पल कशी लावू गळ्याला? तुजी माय हाय ती. आन् न लावता तर मी काईच घालत न्हाई." मग म्हणली, "म्हणून मी कधी नवी घेतच न्हाई. आत्याची उतरलेली, तुजी उतरलेली. वापरलेल्याला रीत लागत न्हाई."

माय, माझ्या सगळ्या जुन्या चपला तिच्या पायात बघितल्यात मी. शाळेतली, कॉलेजातली. तुझी ती सोनेरी, माझ्या पायाला आली आणि मग लहान पडली तेव्हा तिनं ती पुसून पुन्हा पेटीत ठेवली, ती तेवढी तिनं घातली न्हाई. मला वाटायचं ही काटकसर हाय.

मी म्हणलं, "मग काय करायचं?" खरं म्हणजे मला म्हणायचं व्हतं की हे सगळं सोड, फेक तो टाक, मी शिकलेली हाय. पण ते तोंडातून निघालं न्हाई, कारण तो टाक म्हणजे तू, आणि तुला फेक असं मी कसं म्हणू. ती माझ्या पायाकडं बघून राहिलेली. मग म्हणली, "तू घाल आदी. पाय तिचेच हायत तुजे. तुज्या आत्यानं दाखवले व्हते मला, ह्या घरात आले त्याच दिवशी. ते लांब बोट."

आमी मागच्या दारानं अंगणात गेलो. तिनं टाक पोलक्यातून बाहेर काढला, सरळ केला, जसं लेकराचं तोंड फोटोसाठी सरळ करतात तसं. मी चप्पल घातली आणि कुडापर्यंत चालत गेले, परत आले. फटाक फटाक वाजली न्हाई, नव्या चपला आता वाजत न्हाईत. मावशी टाकाकडं खाली बघून म्हणली, "बग बाई. झालं का मनासारखं?" थोडा वेळ खरंच थांबली, जसं कोणी उत्तर देईल. मग मी चप्पल काढली आणि खाली बसून तिच्या पायात घालाय लागले. ती म्हणली, "उठ, पाय नको धरू." मी म्हणलं, "माप घेऊन राहिले, पाया पडून न्हाई राहिले." हे वाक्य कुठलं हे तिला माहीत नसणार, पण ती हसली.

चप्पल तिला लहान पडली. तिचा पाय रुंद हाय, भेगा पडलेला, टाच मागं बोटभर बाहेर. माझ्या उतरलेल्या सैल पडलेल्या असायच्या, म्हणून कधी कळलं न्हाई. मी म्हणलं, बदलून आणते, अजून टाइम हाय. ती म्हणली, "आता कायची बदलती. तिनं घातलेली हाय. बराबर हाय मला."

लग्नात ती दिवसभर ती चप्पल घालून फिरली, हातात पर्स धरून, जशी पर्समध्ये काही जिवंत हाय. पाय धुवायची वेळ आली तेव्हा तिला पाटावर बसवलं. विहीणबाईनं परातीत पाय घेतला आणि थबकली. "वरमाय, पाय सोलले की तुमचे." चपलीची कड लागून दोन्ही टाचांवर फोड, एक फुटलेला. मावशी म्हणली, "नवी हाय, चावती जराशी. लेकीनं आणली." विहीणबाईनं मग पाणी हळू हळू सोडलं, हळद लावली. मी परातीच्या ह्या बाजूला, पायथ्याशी उभी व्हते.

आज सकाळी ती अनवाणीच शेणाच्या पाट्या टाकून राहिलेली. चप्पल पुसून डब्यात ठेवली हाय, फडताळात, तुझ्या पेटीच्या वर. मी म्हणलं घाल की रोज, सैल पडंल. म्हणली, "तुज्या लग्नात घालीन."

हे पत्र तुला पाठवायचं तर एकच रस्ता हाय, तिच्या गळ्यातून. मावशे, एवढं टाकाला लाव, म्हणलं की ती लावंल, विचारणार न्हाई. पण वाचता येतं तिला, आणि लावायच्या आधी डोळ्यांपुढनं जाईलच. म्हणून देत न्हाई. कारण मघापासून मी डोळे मिटून तुझे पाय आठवून राहिले माय, ते हळद लावलेले, लांब बोटाचे. हळद येते. पण पाय येतात ते रुंद असतात, आणि टाचेला फोड असतो.