वासाचं तेल

प्रिय धाकटे,

ताईचे अनेक आशीर्वाद. मी मजेत आहे गं. नातीने नवे बूट घेऊन दिलेत, ते घालून नुसती मिरवतेय मी!

ती लोकांना डोंगरावर फिरायला नेते, काल मलाही नेलं. निघताना लाडाने तिच्या केसांना माझं वासाचं तेल चोपडलं. वर कड्याला मधमाश्यांचं हे एवढं काळं पोळं. एकेक माशी तिच्याच डोक्याभोवती फिरायला लागली.

तिच्या सोबतीचा गावातला वाटाड्या पुटपुटला, "आजी, हिला काय लावलंत? हात झटकू नका कोणी."

लहानपणी एकच माशी चावली, तर हिचा गळा सुजून श्वास अडला होता, आठवतं ना? आता पिशवीत त्यावरच्या औषधाची सुई ठेवते म्हणे. काल निभावलं.

उद्या पुन्हा जायचंय. केस दोनदा धुतले, तरी वास जात नाही. "नको जाऊस" म्हटलं, तर हसते, "आजी, घाबरट कुठली!"

म्हणून मी ठरवलंय, सगळ्यांच्या मागून, लांबून चालायचं आणि उरलेली बाटली माझ्या डोक्यावर रिकामी करायची. यायच्या त्या माझ्याकडे येतील.

तुझे गुडघे कसे आहेत? माझ्या लेकाला यातलं काही बोलू नकोस. पत्र पोचेल तोवर आम्ही जाऊन आलेलो असू.

तुझी ताई