रिकामा चौकोन

सेक्टर ३९, चंदीगड
१७ नोव्हेंबर, सोमवार

कैवल्य,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, खोडलं. दिसेल तुला, दिसू दे. मी बरा आहे. दूध फ्रीजमध्ये आहे, सिलिंडर बदललाय, तुझ्या आईचा फोन येऊन गेला.

काल सकाळी अकरा वाजता, फगवाड्याजवळच्या एका गावात, हातात पाण्याचा पेला असताना माझं सगळं फिरलं.

इराची नि माझी ओळख त्या पाण्याच्या टाक्यांवरनंच, तुला माहितीय. उपग्रहाच्या नकाशात इथल्या गावांतल्या गच्च्यांवर विमानं दिसतात. सिमेंटची, पंखांसकट, पोटात पाणी. घरातलं कुणी परदेशी गेलं की बांधतात. पहिलं तिनं नकाशे बघणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकलं, दुसरं मी सांगलीत कॉलेजच्या शेवटच्या बाकावरनं शोधलं. मग आम्ही नकाशाचे चौकोन पाडले, अर्धे तिचे, अर्धे माझे. सापडलं की तिथं जायचं, घरच्यांकडे त्याच विमानातलं पाणी मागायचं. एक्केचाळीस झाली. घरी मी सांगितलंय, सरांशी भांडलो म्हणून इंजिनीअरिंग सोडलं. भांडलो होतो, पण पहिल्या वर्षी. सोडलं तिसऱ्या वर्षी. इकडे यायला.

माझे चौकोन संपले म्हणून शनिवारी तिचे उघडले. एकावर तिनं लिहिलेलं, 'कुछ नहीं है.' तिथंच बेचाळिसावं दिसलं! लाल शेपटी, पंखाची सावली पार शेजारच्या गच्चीवर. नजरचूक झाली असेल म्हटलं, तिला चकित करू. तुझीच बाइक घेऊन गेलो.

तिथल्या म्हाताऱ्या बीजींनी पाणी दिलं. कुठला म्हणून विचारलं. महाराष्ट्र म्हटल्यावर हसायलाच लागल्या.

"तुम लोगों को हमारी टंकी में क्या दिखता है, पुत्तर? दिवाली पे भी एक जोड़ी आई थी."

"जोड़ी?"

"हां जी. कुड़ी बड़ी बातूनी. मुंडा शरमीला, भौंह पे कट. ब्याह करके कनाडा जाएंगे. मैंने मुंह मीठा कराया."

तुझ्या भुवईवरची खोक. आठवीत माझ्याच बॅटनं झालेली.

एवढं आख्खं विमान लपवलंत रे माझ्यापासून! आणि तू मला म्हणायचास, "लोकांच्या गच्च्या काय बघत बसतोस, येड्या."

हो, मी तिला कधी विचारलं नव्हतं. तिनंही कधी काही कबूल केलं नव्हतं. तिच्याशी कुठल्या तोंडानं भांडू? पण दसऱ्याला मी तुला विचारलं होतं, बोलू का तिच्याशी? तू काय म्हणालास? "थांब जरा. पोरी बिचकतात." मी थांबलो. अठरा दिवसांत दिवाळी आली.

काल संध्याकाळी तू पोळ्या वाढल्यास, "कुठं होतास दिवसभर?" म्हणालास. माझा हात उठला असता, म्हणून ताटावरनं उठून गेलो.

बाइकचा आरसा मी फोडलाय. लाथ मारून. यादीत बेचाळिसावी खूण घातलीय, तुम्हा दोघांच्या नावानं. कुठं जातोय ते ठरलेलं नाही. निघताना प्यायला पेला भरला होता, प्यायलो नाही. हे पत्र त्याच्याखालीच आहे.

माझी किल्ली आत ठेवतोय. दार ओढून घेतो.

टाके पडताना तुझा हात धरून बसलेला,
अंशुमन