घशात दोष नाही

नोएडा,
दि. ३० ऑगस्ट २०२५

ती. इंदुताईस,
हरिदासचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण ८ तारखेपासून माझा आवाज गेला आहे. कुजबुजण्यापलीकडे काही निघत नाही. घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिले आणि ‘बिल्कुल ठीक’ असा निर्वाळा दिला. मग खोकायला सांगितले. खोकला खणखणीत निघाला. त्यावर त्यांनी हसून एका मानसोपचारतज्ज्ञाचे नाव लिहून दिले. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. माझ्या मनाने मला न विचारता घशात हस्तक्षेप करावा, हे मला मान्य नाही.

बुधवारी करोल बागेतल्या गणपतीपुढे मी अख्खी आरती तारस्वरात म्हटली. तेव्हापासून तुझ्या भावजयीचे, स्वरूपाचे, म्हणणे असे की आवाज फक्त घरच्यांपुरता गेला आहे.

बाकी विशेष नाही. कंपनीतून एक्केचाळीस जणांना कमी करायचे आहे. आस्थापना विभागाचा प्रमुख या नात्याने ती नावे मला १२ सप्टेंबरच्या सभेत वाचायची आहेत. यादी गुप्त असून ७ तारखेला माझ्या हाती आली. दोन्ही तारखांचा संबंध नाही. अकरावे नाव अशोकचे आहे. बावीस वर्षे शेजारच्या टेबलावर बसणारा तोच. माझ्यासाठी रोज ज्येष्ठमध आणतो. गेल्या आठवड्यात त्याने गुरुग्रामच्या एका कंपनीचे बोलावणे नाकारले. त्याआधी माझे मत विचारले होते. मी घशाकडे बोट दाखवले.

लोभ आहेच, एखादे औषध सुचल्यास त्यात भर घालावी.

तुझा,
हरिदास

पुणे,
दि. ४ सप्टेंबर २०२५

चि. हरिदास यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अरे शहाण्या, घसा पानभर आणि अशोक पत्राच्या तळाशी! पाचवीत आपल्या दोघांच्या चुलतबहिणीविरुद्ध, शुभदाविरुद्ध, बाईंनी तुला साक्ष द्यायला बोलावले, तेव्हा तुझा उजवा पाय असाच गेला होता. डॉक्टरांना हाड शाबूत दिसले. बोलावणे रद्द झाले त्या संध्याकाळी तू लंगडी खेळलास. ढोंग नव्हते, हे मला ठाऊक आहे. दोन दिवस तो पाय मीच चेपत होते.

अशोकला आधी सांग. कुजबुजलास तरी त्याला ऐकू येईल. आणि गुप्ततेचा नियम मला शिकवू नकोस.

स्वरूपाला माझी आठवण सांग. माया आहे, म्हणूनच रागावले.

तुझी,
ताई

नोएडा,
दि. १३ सप्टेंबर २०२५

ती. इंदुताईस,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुझे पत्र मंगळवारी पोचले. त्याच दिवशी अशोकला सांगणार होतो. परंतु कंपनीने आरोग्य कार्यशाळा ठेवली होती. यादीची कुणकुण लागल्यापासून विक्री विभागाच्या पाठी धरल्या आहेत आणि लेखा विभागाला पित्त झाले आहे. तज्ज्ञांनी दोष खुर्च्यांवर ठेवला आणि सर्वांना उभे करून दहा मिनिटे हसवले. मी निःशब्द हसलो. बुधवार, गुरुवारही तसेच गेले.

काल सकाळी संचालकांनी माझी दया येऊन नावे पडद्यावर दाखवायचे ठरवले. मी ‘आभारी आहे’ म्हणालो. मोठ्याने. संचालक दचकले, मी अधिक.

अशोकने ते दाराबाहेरून ऐकले. त्याने मला मिठी मारली आणि हरिदासचा आवाज आला, असे मजलाभर सांगत सुटला. सभेला बारा मिनिटे होती. घशाकडे बोट दाखवण्याची सोय उरली नव्हती. मी त्याला जिन्यात नेले आणि सांगितले.

मग त्याने एवढेच विचारले, की मला हे कधी कळले. मी तारीख सांगितली, ७ ऑगस्ट. आवाज अगदी स्वच्छ होता.

लोभ कमी झाला असल्यास तसे कळवावे.

तुझा,
हरिदास