विहिरीजवळची गहाळ तीन मिनिटे

प्रति,
मा. व्यवस्थापिका,
कोव्हाय सामुदायिक सभागृह,
माउंट रॉस्किल, ऑकलंड.

अर्जदार : रावसाहेब तात्याबा जगदाळे, वय ८३, सेवानिवृत्त अव्वल कारकून, मूळ राहणार तालुका माण, जिल्हा सातारा, हल्ली मुक्काम मुलगा मकरंद याचे घरी, माउंट रॉस्किल.

विषय : जुन्या जर्मन युद्धपटातून विहिरीचा प्रसंग गाळल्याबाबत व तो पुन्हा दाखवण्याबाबत.

संदर्भ : १) दि. १ मे २०२५ चा खेळ. २) दि. १५ मे २०२५ चा खेळ. ३) आपले तोंडी उत्तर, ‘स्वीट ॲज’.

महोदया,

१. आपल्या फलकावर ‘कोणत्याही भाषेत लिहा, भाषांतर आम्ही करून घेऊ’ असे लिहिले आहे. त्यावर विसंबून हा अर्ज मराठीत केला आहे. मात्र भाषांतर अर्जदाराच्या घरातील कोणाकडूनही, विशेषतः सून मेधा हिच्याकडून, करून घेऊ नये. ती स्वभावाने गोड आहे, आणि गोड माणसे भाषांतर करताना तिखट शब्द गाळतात. इतर कारण पुढे येईलच.

२. अर्जदाराने तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात एकतीस वर्षे काढली आहेत. कागद आपोआप गहाळ होत नाही, कोणीतरी तो गहाळ करतो, हे त्याचे अनुभवाचे मत आहे.

३. दि. १ मे रोजी ज्येष्ठांच्या गुरुवारच्या खेळात आपण युद्धकाळातील एक काळापांढरा जर्मन चित्रपट दाखवलात. वाळवंटातल्या विहिरींचा नकाशा एक हेर पळवतो आणि बाकीचे सगळे उंटांवरून त्याच्या मागे लागतात, अशी ती गोष्ट. नकाशा नायिकेच्या टोपीत आहे हे अर्जदाराने दहाव्या मिनिटाला ओळखले होते, त्यामुळे तो घरी निघण्याच्या बेतात होता. एवढ्यात एकेचाळिसाव्या मिनिटाला विहिरीचा प्रसंग आला. कैद्यांची रांग लागली आहे. पहारेकरी एकेकाला पत्र्याचे भांडे भरून पाणी देतो. चौथा कैदी भांडे हातात घेतो, पहिला घोट वाळूवर ओततो, आणि उरलेले पाणी भांडे ओठांना न लावता वरून पितो. पाणी सांडले म्हणून पहारेकरी त्याच्यावर बंदूक उगारतो.

४. तो कैदी अर्जदाराचे वडील आहेत. शिपाई तात्याबा जगदाळे, मराठा पलटण, जून १९४२ मध्ये वाळवंटातील लढाईत बेपत्ता. तेव्हा अर्जदार पाच महिन्यांचा होता. त्याने वडिलांना कधी पाहिलेले नाही, हे दुसऱ्या कोणी सांगण्यापूर्वी तोच कबूल करतो. परंतु आई सांगे, की माणसारख्या कोरड्या मुलखात जन्मूनही हा माणूस पहिला घोट जमिनीला दिल्याशिवाय पाणी पीत नसे, आणि चार कोसांवरून हंडा आणणारी ती त्यावरून त्यांना रोज बोलत असे. तहानेने जीव चाललेल्या माणसाने असे करावे, हे कोणत्याही जर्मन लेखकाला घरी बसून सुचणार नाही. शिवाय चित्रीकरण डिसेंबर १९४२ मध्ये झाले व रांगेत खरे युद्धकैदी उभे केले होते, असे आपल्याच माहितीपत्रकात छापले आहे.

५. अर्जदार त्या वेळी ‘थांबवा’ असे ओरडून उठला व खुर्चीत कोसळला. रुग्णवाहिका आली. चित्रपट मात्र कोणी थांबवला नाही. अर्जदाराच्या विनंतीवरून दि. १५ मे रोजी आपण तोच चित्रपट पुन्हा लावलात, त्याबद्दल आभार. अर्जदार हातात घड्याळ घेऊन बसला होता. चाळिसाव्या मिनिटानंतर विहीर आलीच नाही, एकदम उंट आले. माहितीपत्रकानुसार चित्रपट चौऱ्याण्णव मिनिटांचा आहे, तो एक्याण्णव मिनिटांत संपला. याबाबत विचारले असता आपण हसून ‘स्वीट ॲज’ म्हणालात. इथे त्याचा अर्थ ‘सगळे ठीक’ असा होतो म्हणे, तरी सदर वाक्य अर्धवट असून गोड कशासारखे, याचा खुलासा अद्याप झालेला नाही.

६. अर्जदाराचा पहिला संशय तिसऱ्या रांगेतले श्री. हेल्मुट यांच्यावर गेला. ते जन्माने जर्मन आहेत. दोन्ही खेळांत बरोबर एकोणचाळिसाव्या मिनिटाला ते चहाच्या टेबलाकडे गेले. इथल्या मे महिन्याच्या थंडीत जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालतात, आणि ओळख नसताना आल्याची बिस्किटे देतात. अर्जदाराने तीन दिवस डेअरीपर्यंत, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत, त्यांचा पाठलाग केला. ते दूध आणि वर्तमानपत्र घेऊन परत येतात, एवढेच निष्पन्न झाले. चौथ्या दिवशी त्यांनीच वळून सांगितले, की त्यांचेही वडील त्याच वाळवंटात राहिले. चित्रपट त्यांनी पूर्वी पाहिला आहे, आणि ती वाळू जवळून दिसू लागली की त्यांना बसवत नाही. त्यांच्यावरील संशय मागे घेण्यात येत आहे. बिस्किटे संपली असल्याने परत करता येत नाहीत.

७. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असा हा प्रकार निघाला. अर्जदाराचा मुलगा मकरंद याने मुलीच्या स्नेहसंमेलनालाही कधी रजा काढलेली नाही. दि. १५ मे रोजी त्याने रजा काढली, आणि वडिलांशेजारी न बसता तो यंत्राशेजारी बसला. नात सिद्धी अकरा वर्षांची आहे, मराठी समजते पण उत्तर इंग्रजीत देते. तिची साक्ष जशीच्या तशी : “आजोबा, डॅड ईमेल्ड देम, टू स्किप दॅट बिट. बिकॉज यू क्राइड.” मकरंदचा जबाब असा : “बाबा, डॉक्टर म्हणाले बीपी हीप्स हाय होतं. आणि ते आजोबाच कशावरून? कोणीतरी एक्स्ट्रा असेल. आणि इथे असे अर्ज लिहीत नाहीत हो, जस्ट विचारायचं!”

८. अर्जदाराने विचारले होते, महोदया. पण आपण त्रयस्थाच्या पत्रावरून, अर्जदाराचे म्हणणे न ऐकता, त्याच्या वडिलांना चित्रपटातून काढून टाकलेत. कुंपणानेच शेत खाल्ले हे खरे, पण फाटक आपण उघडलेत. मुलाचा हेतू वाईट नव्हता, हे अर्जदारास समजते. राग आहे तो आहेच.

९. आता जे कोणालाच सांगितलेले नाही ते लिहितो. भावकीने १९४२ च्या दसऱ्याच्या तोंडावर वडिलांचे दिवस घातले. आईने कुंकू पुसले नाही. मृत्यूच्या कागदावर अंगठाही दिला नाही. सत्तेचाळीस वर्षे ती कुंकू लावत राहिली आणि सत्तेचाळीस वर्षे तिला कोणी हळदीकुंकवाला बोलावले नाही. १९८९ मध्ये ती गेली. हिला सवाष्ण म्हणून न्यायचे की कसे, असा प्रश्न बायकांनी काढला. मी अभिलेख कक्षाचा माणूस. कागद काय सांगतो ते पाहिले. वडील जिवंत असल्याचा कागद नव्हता. मी म्हणालो, पुसा. माझ्या देखत त्यांनी ओल्या फडक्याने आईचे कपाळ पुसले.

वडील पुढे किती जगले, हे त्या तीन मिनिटांतून सिद्ध होत नाही. पण गावाने दिवस घातले त्यानंतर दोन महिन्यांनी तो माणूस उभा राहून पाणी पीत होता. आई खोटी नव्हती. खोटा माझा कागद होता.

१०. तरी विनंती की, विहिरीचा प्रसंग पूर्ण दाखवावा. चौथ्या कैद्यावर चित्र थांबवावे व मी हात वर करेपर्यंत पुढे नेऊ नये. यंत्रास मकरंदने हात लावू नये. त्याने माझ्या शेजारी बसावे. रक्तदाबाची गोळी मी घेऊन येईन. ते माझे वडील नाहीत असे ठरले, तर तसे मला तोंडावर सांगावे, ईमेलने नको.

उत्तराची वाट पाहणारा,
आपला नम्र,
(सही)
रा. ता. जगदाळे
दि. २६ मे २०२५

सोबत :
१) वडिलांचे पलटणीतील छायाचित्र, प्रत.
२) ‘बेपत्ता’ असे कळवणारे पत्र, प्रत.
३) आईचा कुंकवाचा करंडा, मूळ. चित्र थांबवल्यावर पडद्यासमोर ठेवण्यासाठी. आत थोडे कुंकू शिल्लक आहे, सांडू नये.