बोल्टवरचं बदक

आबा,

मी सांगतेय आणि सून लिहितेय. तुम्ही शाळेत घातलंत की मी मागच्या दाराने पळून कोतात तुमच्याजवळ येऊन बसायचे, त्याची शिक्षा आता हिला. "कोत म्हणजे?" असं तिने आत्ताच विचारलं. पोलीस लाइनीतली हत्यारांची खोली, बाई. माझे वडील तिथे आर्मोरर होते, रायफली दुरुस्त करायचे. हे सगळं लिहू नकोस म्हटलं तरी ती लिहितेय. लेस्टरला तीस वर्षं राहूनही सासूचं ऐकायचं नाही एवढं मात्र पुण्याचं टिकवलंय.

तर तुमच्या नातवाने बर्मिंगहॅमहून रायफल आणली. तिथे जुन्या लष्करी सामानाचा बाजार भरतो. मेलेली रायफल आहे, नळी बंद केलेली, गोळी सुटत नाही, तसा कागद सोबत. पन्नाशी उलटलेला दातांचा डॉक्टर, पण चेहरा खेळणं मिळाल्यासारखा. पहिल्या लढाईतली आहे म्हणाला. मी म्हटलं, आण इकडे. डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून हातानेच पाहिली. जुन्या रायफलींना असते तशी पितळेच्या चकतीची जागाच दस्त्यावर नाही. लोखंडावर कानशीचे ओरखडे तसेच सोडलेले. पुढच्या लाकडातून आरपार एक स्क्रू, आपल्याकडच्या कारखान्यात मारायचे तसा. तुम्ही म्हणायचात, घाई दिसली की लढाई समजायची आणि जितकी घाई जास्त तितकी लढाई अलीकडची. मी सांगितलं, ही दुसऱ्या लढाईतली, आपल्या देशातली, आणि विकणाऱ्याने तुला टोपी घातली. त्याने भिंग घेऊन मुकुटाच्या छापाखालचं साल वाचलं आणि भिंग खणात आदळलं.

खंडेनवमी आली. तुम्ही कोतात करायचात तशी मी पूजा मांडली. इथल्या देशी दुकानांच्या बेलग्रेव्ह रोडवरून झेंडू आणवला, हळदकुंकू वाहिलं. बोल्टच्या, म्हणजे गोळी आत ढकलणाऱ्या दांड्याच्या, मुठीमागे कुंकू बसलं आणि नंबर लालभडक उठून आला. मला अक्षर येत नाही, आकडा म्हणजे चित्र: बदक, काठी, एकावर एक दोन लाडू, शेवटी पुन्हा बदक. सहज म्हणून कागद मागवून भिंगातून पाहिला. त्यावर शेवटी बदक नव्हतं, खुर्ची होती. कागद दुसऱ्या रायफलीचा, तर मग ही कुणाची? आणि मेलेली की जिवंत? या देशात कागदाविना बंदूक घरात सापडली तर पोराचा दवाखाना जाईल, वर तुरुंग. तो म्हणाला, "आई, तुला वाचता येत नाही." मी म्हटलं, "बदक ओळखायला वाचावं लागतं होय?" त्या दोन दिवसांत बाहेर गाडीचं दार वाजलं की मला पोलीसच दिसायचे. रायफल भिंतीवरून माझ्याकडे बघत बसलेली.

शेवटी या सुनेने टॉर्च घेऊन रायफलीच्या अंगावरचा नंबर वाचला. तिथे खुर्चीच होती, कागदाला जुळणारी. मुलाने कागद देणाऱ्यांना फोन केला. ते म्हणाले, अंगावरचा नंबर बरोबर आहे ना, मग काळजी नको. तो हसत माझ्याकडे आला. "बोल्ट दुसऱ्या रायफलीचा आहे, आई. कधीतरी कुणीतरी अदलाबदल केली असेल. काय बिघडलं?"

आबा, तेव्हापासून कोतातला तो दिवस माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

मी आठ वर्षांची आहे. तुमची भाकरी घेऊन आलेय. उद्या इन्स्पेक्शन, म्हणून तरटावर रायफली ओळीने मांडल्यात, प्रत्येकीपुढे तिचा बोल्ट, तेल लावून. तुम्ही नळावर हात धुताय. मी बसल्या बसल्या भातुकली मांडते. दुसरीपुढचा बोल्ट फार चकचकीत आहे, तो पहिल्या रायफलीला दिला तर छान दिसेल. तिचा मग दुसरीला. दुसऱ्या दिवशी दोन रायफलींचे नंबर बोल्टशी जुळेनात, तेव्हा साहेबाने सगळ्या शिपायांसमोर तुम्हाला विचारलं, "आंधळा झालास का?" तुम्ही मान खाली घातलीत. परत आल्यावर ते दोन बोल्ट डोळ्यांजवळ नेऊन, लांब धरून बघत राहिलात. मग मला जवळ घेतलंत. "पोरी, ही चित्रं सारखी आहेत का सांग." बदक आणि खुर्ची मी त्या दिवशी शिकले. महिन्याभरात तुम्ही आपणहून फाटकावरची ड्युटी मागून घेतलीत. नजर गेली म्हणायचात. मरेपर्यंत हत्याराला हात लावला नाहीत, आणि फाटकावरून मात्र वडाच्या शेंड्यावरची घार मला दाखवायचात.

तुमचे डोळे धड होते, आबा.

सुनेचं पेन थांबलंय. लिही गं, थांबतेस काय. हा कागद घडी घालून दस्त्याच्या पोकळीत ठेवायचा, तेलाची बाटली ठेवायची जागा असते तिथे. मुलाला ती उघडता येत नाही, आणि मी शिकवणार नाही. बोल्ट कुणी बदलले, हे तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत. विचारलं असतंत तरी मी सांगितलं नसतं.